जुना माल आधी

"शेवटचं विचारते," मोठ्या ताई म्हणाल्या आणि त्यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं. "पन्नासची गोळी दिलीस की पंचवीसची?"

"पंचवीसची."

"मग बाबांची नाडी अडतीसवर गेली कशी? हवेने?"

नणंदेला सांगायचं ते तिचं दोनदा सांगून झालं होतं. या घराची सून होऊन तिला बावीस वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची सहा वर्षं दर रविवारी सकाळी ती सासऱ्यांचा गोळ्यांचा डबा भरत आली होती. सात दिवस, दिवसाचे चार कप्पे, अठ्ठावीस झाकणं. सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, की बाई, हे तुला जमतंय का. आता गेल्या तीन दिवसांत सगळे विचारत होते.

झालं होतं असं. दोन आठवड्यांपूर्वी हृदयाच्या डॉक्टरांनी बाबांना एक नवी गोळी सुरू केली. आधीची आणि ही, दोन्ही ठोके कमी करणाऱ्या, म्हणून त्यांनी आधीची निम्मी केली. पन्नासची पंचवीस. बाराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, बाबा न्हाणीघराच्या दारात कोसळले. कपाळाला पाच टाके पडले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी मोजली, कागद वाचला आणि विचारलं, "हे दुप्पट डोससारखं दिसतंय. घरी गोळ्या कोण देतं?" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नवऱ्यानेही.

दोन रात्रींनंतर आज दुपारी बाबा घरी आले होते. आतल्या खोलीत पडून होते. दार अर्धं उघडं होतं आणि ताईंचा आवाज काही अर्ध्या दाराने अडणारा नव्हता.

"हा डबा बघा," ती म्हणाली. "शनिवार, रविवारचे कप्पे तसेच आहेत. दोन्हीत पंचवीसचीच आहे."

"शनिवारची बरोबर म्हणून शुक्रवारची बरोबर होती कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. तिच्या लॅबमध्ये कुणी असा प्रश्न विचारला असता तर तिने मान डोलावली असती. उरलेल्या नमुन्यावरून संपलेल्या नमुन्याबद्दल काही सिद्ध होत नाही. तिला ताईंचा राग आला तो याचाच, की त्या बोलत होत्या ते खरं होतं.

"दिवसभर लोकांचं रक्त तपासतेस म्हणे," ताई म्हणाल्या. "देव त्या लोकांचं भलं करो."

"ताई, जाऊ दे ना आता," नवरा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला.

तो बावन्न वर्षांचा होता, डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस उरले होते आणि बहिणीसाठी तो अजून छोट्याच होता. 'जाऊ दे' हे त्याचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध.

"जाऊ कसं देऊ, छोट्या? बाप जाता जाता वाचलाय." ताईंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. "मी वृद्धनिवासात बोलून आलेय. तिथे गोळ्या द्यायला शिकलेली नर्स असते. उद्या सकाळी फॉर्म भरायचा."

'शिकलेली' या शब्दावर त्या जरा थांबल्या. तो बरोबर लागला होता.

बाबांना जायचं नव्हतं. ते त्यांनी गाडीतच सांगितलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला स्वतःला सुटल्यासारखंही वाटलं असतं. एक रविवार उशिरा उठता आलं असतं. पण ते जाणार ते तिने त्यांना जवळजवळ मारलं म्हणून, आणि हे माप जन्मभर तिच्याच पदरात राहणार. शनिवारी लॅबमध्ये तिने एकाच नमुन्याची साखर चार वेळा मोजली होती. चारही वेळा एकच आकडा आला आणि तरी तिने पाचव्यांदा नळी उचलली. शेजारचीने विचारलं, "काय गं, झोप नाही झाली का?"

"सूनबाई," आतून हाक आली. "घड्याळ बंद पडलंय. माझ्या ड्रॉवरातून एक सेल दे."

तिला उठायला निमित्त मिळालं.

बाबांनी पस्तीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं. निवृत्तीनंतर ते स्टोअर एका ड्रॉवरात येऊन राहिलं. खोक्यांत खोकी, प्रत्येकावर चिठ्ठी. बटणं, फ्यूज, रबरं, सेल. प्रत्येक वस्तू कधी आली त्याची तारीख. घरात सगळे त्याला हसत आणि काही सापडेनासं झालं की सगळे तिथेच येत. तिने सेलचं खोकं उचललं. खाली एक पांढरं पाकीट होतं. वर बाबांचं टाइपासारखं अक्षर:

'गोळी पंचवीसची. नग १२. जुना माल संपल्यावर काढणे.'

पाकिटाखाली पन्नासच्या गोळ्यांची पट्टी. तिने मोजलं. सहा उरल्या होत्या. बदल झाला त्या दिवशी अठरा होत्या; ते तिच्या वहीत लिहिलेलं होतं. अठरातून बारा गेल्या, सहा. वजाबाकी इतकी सोपी होती की तिने ती दोनदा केली नाही.

"बाबा, हे काय आहे?"

"वाचता येतं ना तुला."

"डब्यातली पंचवीसची काढून तुम्ही रोज पन्नासची घेत होता?"

"मग? चांगला माल टाकून द्यायचा?" बाबा उशीवर उठून बसले. कपाळावरच्या पट्टीखाली डोळे तरतरीत होते. "आधी आलेला माल आधी बाहेर. नाहीतर मागचा मागे सडतो. पस्तीस वर्षांत माझ्याकडे एक वॉशर गंजला नाही."

"ही गोळी आहे! वॉशर नाही!"

बावीस वर्षांत ती त्यांच्यावर ओरडली नव्हती. दोघांनाही तो आवाज अनोळखी वाटला.

"नाव तेच, कंपनी तीच," बाबा हळू म्हणाले. "आकडा तेवढा वेगळा."

"आकडाच बदलला होता, बाबा. आकड्यानेच पडलात तुम्ही."

ते हटवादीपणे भिंतीकडे बघत राहिले. हे असंच चालू राहिलं तर आपण हातातली पट्टी फेकून मारू असं तिला वाटलं. तिने श्वास घेतला आणि तसंच रागात विचारलं, "कारखान्यात एखाद्या भागाचं ड्रॉइंग बदललं की स्टोअरमधल्या जुन्या भागांचं काय करायचात?"

"लाल रंग मारायचा," बाबा ताबडतोब म्हणाले. "वेगळ्या पिंजऱ्यात टाकायचे आणि कुलूप. एक नग लाइनवर जाता कामा नये. मशीन फुटलं तर स्टोअरकीपरची..."

ते थांबले.

"डॉक्टरांनी ड्रॉइंग बदललं होतं," ती म्हणाली.

त्यांनी पाकिटावरचं स्वतःचं अक्षर पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "मला कुणी तसं सांगितलं नाही."

हेही खरं होतं. तिने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं होतं, "बाबा, आता पंचवीसची घ्यायची हं." का, ते सांगितलं नव्हतं. तेवढं तिचं. तिने ते मनात स्वतःच्या नावावर टाकलं, पण त्याने राग तसूभर कमी झाला नाही, कारण तेवढ्यात तिला दुसरी गोष्ट सुचली. या पट्ट्या घरात असायलाच नको होत्या. तिने त्या दुकानात परत द्यायला पाठवल्या होत्या.

"या तुमच्याकडे आल्या कुठून?"

"छोट्याने दिल्या. दुकानदाराने फोडलेला माल परत घेतला नाही. तो टाकायला निघाला होता, मी म्हटलं आण इकडे."

ती बाहेर आली. पट्टी आणि पाकीट तिने वर्तमानपत्रावर ठेवलं, नवरा वाचत होता त्याच बातमीवर.

तो पट्टीकडे बघून दचकला नाही. पाकिटाकडे बघून दचकला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या क्षणी.

"तुला माहीत होतं."

"अगं, ते खातील हे कुठे माहीत होतं? मला वाटलं ठेवतील नुसतं. तुला माहितीये त्यांची सवय."

"शुक्रवारी डॉक्टरीणबाई दुप्पट म्हणाल्या तेव्हा?"

त्याने चष्मा काढला. "तेव्हा... संशय आला होता."

"संशय आला होता," तिने म्हटलं. "आणि?"

"ताई इतकी तापलेली. म्हटलं, निवळलं की सांगू."

"काय रे छोट्या?" ताई म्हणाल्या. "काय सांगायचं होतं?"

"सांग," ती म्हणाली. "आता मी नाही सांगणार. तीन दिवस तू बाजूला बसून ऐकलंस. तीन दिवस मी माझ्या हातांवर संशय घेतला. सांग त्यांना."

त्याने सांगितलं. पाच वाक्यांचं काम त्याने वीस वाक्यांत केलं, त्यात दुकानदार आला, ऑफिसची घाई आली, पार्किंग आलं. पण शेवटी जुन्या गोळ्या बाबांच्या हातात कुणी दिल्या तेही आलं.

ताईंनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"बरं," त्या म्हणाल्या. "झालं ते झालं. पण लक्ष ठेवायची जबाबदारी तुझीच होती ना? तुझ्या डोळ्यांदेखत..."

"नव्हती," ती म्हणाली. "कुणी दिली नव्हती. मी करत होते म्हणून ती माझी झाली. आमच्या लॅबमध्ये ज्याने तपासलं त्याने रिपोर्टवर सही करायची नसते. दुसऱ्याने करायची. का? तर माणूस कितीही शहाणा असला तरी स्वतःची चूक त्याला दिसत नाही. इथे सहा वर्षं मी एकटी. आजपासून डबा तुमचा भाऊ भरणार. तुम्ही दर रविवारी येऊन तपासणार आणि वहीत सही करणार. सकाळची गोळी बाबा माझ्यासमोर गिळतील, ते मी बघेन."

"दर रविवारी? अगं, मला माझं घर आहे!"

"मलाही आहे. हेच."

"मला नाही जमायचं."

"मग 'कितीची दिलीस' हे मला विचारायचं नाही. पुन्हा कधीच नाही."

ताईंनी भावाकडे पाहिलं, तो काहीतरी म्हणेल म्हणून. त्याने तोंड उघडलं. "जा..."

"'जाऊ दे' म्हणालास तर बघ," ती म्हणाली.

आतल्या दारात बाबा उभे होते. एक हात चौकटीवर. "त्या फॉर्मवर माझी सही लागते ना गं?" त्यांनी मुलीला विचारलं. "मी देत नाही. जुना माल मी खपवला. हिने नाही. हे तुझ्या सासरीही सांग, तिकडेही पोचवलं असशील."

ताई लाल झाल्या. कागद पर्समध्ये गेला; फाडला मात्र नाही. "पुढच्या रविवारी बघते," त्या चपला घालताना म्हणाल्या. माफी कुणी मागितली नाही. तिनेही वाट पाहिली नाही.

मग तिने टेबल मोकळं केलं. रिकामा केलेला डबा, डॉक्टरांचा नवा कागद, चालू पट्ट्या. पन्नासच्या सहा गोळ्या बाबांनी स्वतः मागून घेतल्या आणि नळाखाली धरून एकेक विरघळवून टाकल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना ते जड जात होतं हे दिसत होतं, पण तिला दया येईना.

"भर," तिने नवऱ्याला सांगितलं.

त्याने भरलं. सकाळ आणि रात्र यांची अदलाबदल झाली, बुधवारी एक गोळी जास्त पडली. तिने न बोलता डबा टेबलावर उलटा केला. गोळ्या गडगडत गेल्या.

"अगं, नुसतं सांग ना कुठे चुकलं!"

"कागद वाच."

दुसऱ्यांदा त्याने बोट ठेवून वाचलं आणि पुटपुटत भरलं. घाम आला होता. अठ्ठावीस झाकणं लावून त्याने वर पाहिलं. "आता बरोबर आहे?"

ती हात बांधून उभी होती. तिला दिसत होतं, बरोबर होतं.

"तू सांग," ती म्हणाली.

त्याने डब्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि सोमवारचं पहिलं झाकण पुन्हा उघडलं.