उजवीकडचं दूध

पिशवीचं तोंड दोन बोटांत दाबून तिने आतली हवा काढली, ती ओट्यावर आडवी ठेवून तळहाताने सपाट केली आणि वर पेनाने तारीख घातली. मग फ्रीझर उघडला. आत दुधाच्या पिशव्या गोठून, पुस्तकं रचावीत तशा एकीवर एक रचलेल्या होत्या. परवा-परवापर्यंत ही थप्पी वरच्या बर्फाला टेकत होती. आज तिच्यावरून अख्खा हात आत गेला.

तिने दार लगेच लावलं नाही. गार हवा तोंडावर घेत ती उभी राहिली आणि हळूच हसली.

"पी," ती म्हणाली. "पोटभर पी."

जुळं आहे हे कळलं तेव्हा कोण मुलगा, कोण मुलगी हे ठाऊक नसतानाच नवऱ्याने दोघांना नावं ठेवून टाकली होती. उजव्या कुशीतला तो उजवा आणि डाव्या कुशीतली ती डावी. "जन्माआधीच डावं-उजवं करताय, पुढे काय दिवे लावणार आहात?" असं सासू म्हणाली होती आणि सगळे हसले होते. नवऱ्याचा अंदाज खरा निघाला. डावी रडत बाहेर आली, मुलगीच होती. उजवा आला तो गप्प. कपड्यात गुंडाळून त्याला थोडा वेळ तिच्या हातात दिलं. तो गार होता. त्याचे कान कसे होते, केस होते की नव्हते, हे तिला आता काही केल्या आठवत नाही. तो गारवा तेवढा तळहातांना आठवतो. या घरात तसा गारवा फक्त फ्रीझरमध्ये होता.

दुधाला मात्र कुणी निरोप दिला नव्हता. ते दोघांचं आलं.

तिने मनाशी वाटणी करून टाकली. डावीला डावीकडचं. उजवीकडचं त्याचं, ते पंपाने काढायचं आणि ठेवायचं. कशासाठी, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण विचारणार कोण? नवरा एकदा फ्रीझर उघडून म्हणाला, "बर्फालासुद्धा जागा ठेवली नाहीस," आणि तिचा चेहरा बघून त्याने जीभ चावली.

वजन करायला घरी येणाऱ्या नर्सबाई मात्र विचारत. मागच्या खेपेला काटा जागचा हलला नव्हता.

"बाळ अशक्त आहे, ओढ कमी आहे," त्या म्हणाल्या होत्या. "ओढ कमी की दूधही कमी होत जातं. एका बाजूने भागलं नाही तर लगेच दुसरीला लावायचं. लावता ना?"

"हो," ती म्हणाली. खोटं बोलताना तिची पापणीही लवली नाही. सासू पलीकडे बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

नंतर फ्रीझरमधल्या पिशव्या कमी होऊ लागल्या, आणि या खेपेला काटाही हलला. नर्सबाई खूश झाल्या. "काहीतरी लागू पडलंय. चालू ठेवा," म्हणाल्या. तिला त्यांच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता, पण तिने ताकास तूर लागू दिली नाही. वेड्यात काढलं असतं सगळ्यांनी. डावी अंग धरत होती. उजवा पीत होता. दोन्ही लेकरांचं पोट भरतंय, मग आईला आणखी काय हवं? त्या दिवशी तिने पंप एकदा जास्तच लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आंघोळीला गेली आणि अंगाला साबण लावते न लावते तोच नळाचं पाणी गेलं. बादलीत होतं तेवढं अंगावर ओतून, ओल्या केसांनी ती बाहेर आली.

स्वयंपाकघरात सासू जमिनीवर बसली होती. मांडीवर डावी. शेजारी कोमट पाण्याच्या भांड्यात एक रिकामी पिशवी तरंगत होती. सासू वाटीतून चमच्याने दूध पाजत होती, आणि डावी चमचा यायच्या आधीच तोंड उघडत होती.

ती दारातच थांबली.

"आई, ते त्याचं आहे."

"माहीत आहे गं." सासूने हातातला चमचा आधी बाळाच्या तोंडात रिकामा केला. "तू आंघोळीला गेलीस, तुझा डोळा लागला, की ही मूठ चोखत बसते. रडायचं त्राणही नव्हतं हिच्यात. मला बघवेना."

"मला सांगायचं होतं."

"सांगणार होते. तू फ्रीझरसमोर उभी राहून बोलतेस, ते कानावर आलं. मग माझी जीभच उचलेना."

ती भिंतीला टेकून खाली बसली. केसांचं पाणी पाठीवरून ओघळत होतं.

"मला वाटलं तो पितोय," ती म्हणाली.

सासू हसली नाही, रागावली नाही. तिने वाटीच्या तळाशी चमचा फिरवला.

"चोरून नाही घेतली मी एकही," ती म्हणाली. "विचारून घेतली."

"कुणाला?"

"ज्याची त्याला."

तिला रडू आलं ते तिथे. तो पीत नव्हता. इतके दिवस तो पीत नव्हता, आणि आता पुन्हा एकदा, पहिल्यापासून, तो नव्हता.

वाटी संपली. डावीने तोंड उघडलं, चमचा आला नाही, आणि ती रडू लागली. अंगात थोडं बळ आल्यामुळे आता तिला रडता येत होतं, आणि तिने ते दाखवून दिलं.

"दुसरी पिशवी काढते," सासू उठू लागली.

"ती वितळेपर्यंत काय करायचं? द्या इकडे."

तिने लेकीला जवळ घेतलं आणि सवयीने डावीकडे लावलं. लेकीने ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं, आणि तोंड फिरवून टाहो फोडला. तिथे थेंब नव्हता. उजवी बाजू सकाळपासून दुधाने भरून दगड झाली होती. सासूने त्यांच्यावरची नजर काढून घेतली आणि भांड्यातल्या कोमट पाण्यात वाटी विसळायला घेतली.

तिने लेकीला या हातावरून त्या हातावर घेतलं.

लेक क्षणभर थबकली, आणि मग घटाघटा पिऊ लागली. एवढ्याशा गळ्यातून एवढा आवाज येतो, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं. ती वाकून बघत राहिली. गारवा एवढे दिवस जपलेले तिचे हात लेकीच्या अंगाने ऊन झाले.

तेवढ्यात तिच्या मांडीवर ओल जाणवली. डावीकडे, जिथे मघाशी काही नव्हतं, तिथे पान्हा फुटला होता. एक थेंब, मग दुसरा, मग संथ धार लागली. कुणाचं तोंड नव्हतं तिथे.

सासूने ते पाहिलं. हात पुसून ती दुपटं घेऊन आली आणि टिपायला वाकली.

"थांबा, आई," ती हलकेच म्हणाली, आणि मोकळा हात, बाळाचं डोकं पेलावं तसा, त्या बाजूला वळवला. "त्याचं होऊ दे."

सासू दुपटं मांडीवर घेऊन शेजारी बसून राहिली.