खोडलेली ओळ

येरोन पाद्रीबाबांच्या प्रवचनांची हस्तलिखिते त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी हिलखोंडबाईंनी स्वतः लायडनच्या छापखान्यात पोहोचवली होती. एक अक्षर इकडचे तिकडे झाल्यास गाठ आपल्याशी आहे, असे बजावूनच त्या परतल्या होत्या. आज तपासणीचे कागद पाहायला त्या आल्या, तेव्हा छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारा म्हातारा वोल्फर्ट हात पुसत उभा राहिला.

"बाईसाहेब, चुकलो. पाद्रीबाबांनी खोडलेली एक ओळ मी जुळवून बसलो. काढतो आता."

"चाळीस वर्षं झाली ना या कामात? खोडलेलं दिसत नाही?"

"दिसतं हो. पण रेघ इतकी पुसट, मला वाटलं लेखणी घसरली."

बाईंनी चष्मा लावला. ओल्या शाईत ओळ होती: 'माझी बार्त्ये पाच दिवस माझ्या मांडीवर तापाने जळत होती, आणि मला एकही स्तोत्र आठवले नाही.'

लेक गेल्यानंतरच्या रविवारी पाद्रीबाबा कोरड्या डोळ्यांनी, खणखणीत आवाजात बोलले होते. त्या आवाजाबद्दल बाईंनी त्यांना एकोणीस वर्षे मनातून क्षमा केली नव्हती.

"मूळ पान आणा."

पानावर खुणांच्या रेघा आणि वोल्फर्टच्या काळ्या अंगठ्याचे ठसे उमटले होते. बाई त्या पुसट रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. एरवी खोडताना पाद्रीबाबा कागद फाटेस्तोवर खोडत.

"काढू ना?" वोल्फर्टने हळूच विचारले.

"नको. व्यासपीठावर उभं राहून हे वाचता आलं नसतं त्यांना, म्हणून खोडलं. पुस्तकाला कुठे रडू फुटतंय?"

"चर्चच्या मंडळीतले वडीलधारे नावं ठेवतील. पाद्रीला स्तोत्र आठवू नये म्हणजे…"

"माझ्याकडे पाठवा त्यांना. ज्याच्या घरात लेकरू गेलंय, त्याला आधी आत घेईन. बाकीच्यांनी ओट्यावर थांबावं."

वोल्फर्टने मान खाली घातली. "माझ्याही घरातून दोन गेली, बाईसाहेब."

बाईंना हे ठाऊक नव्हते.

"जुळणी झाली की हस्तलिखिताची पानं बांधणीवाल्याकडे जातात," तो म्हणाला, "पुठ्ठ्यात भरायला. हे मात्र तुम्ही न्या."

बाईंनी पान घडी न घालता छातीशी धरले, आणि शेजारचे बाक पुढे ओढले.

"बसा वोल्फर्ट. नावं काय होती त्यांची?"