वाढीव बारा किलो

४९

साखरेचं पोतं पन्नास किलोचं असतं. यशराज एकोणपन्नास किलोचा. फलटणजवळच्या एका कारखान्यात तो ऊस मोजायच्या काट्यावर कारकून होता, त्यामुळे हा एका किलोचा फरक त्याला रोज कोणीतरी सांगायचंच.

"यशा, वारं सुटलंय. खिडकी लाव रं, उडशील."

वय एकतीस. पाहून झालेल्या मुली नऊ. नऊ ठिकाणांहून एकच निरोप: मुलगा चांगला आहे, पण. पुढचं कोणी बोलत नसे. अंगानं एवढाच म्हणून करंगळी दाखवत.

५३

दिवाळीनंतर गाल आले.

सकाळी डोळे इतके भरलेले असत की उघडायला वेळ लागे. आई चंद्राबाई म्हणाली, "झोप लागाय लागली पोराला."

संध्याकाळी चपलेचे पट्टे पायात रुतत. "हाडं भरली."

पँटचं बटण तुटलं. "माज्या डिंकाच्या लाडवाचा गुण हाय."

तिने लाडू दुप्पट केले. जोडीला पापड, लोणचं, खारे शेंगदाणे. पोरगं खातंय म्हटल्यावर कोण थांबतंय?

५७

बायोडाटा, सुधारित.
बांधा: सडपातळ (खोडलं), भरदार.
वजन: ४९ (खोडलं), ५३ (खोडलं), ५७ (पेन्सिलीनं, कारण आई म्हणाली अजून वाढतंय).

६१

आटपाडीचं स्थळ आलं. मुलगी क्रांती, सांगलीच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासणारी. वडील मानसिंग, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, आता डाळिंबाची बाग. यशराज आईबरोबर त्यांच्या घरी मुलगी पाहायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तब्येत हाय," ते म्हणाले.

चंद्राबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या पोराबद्दल हे दोन शब्द एकतीस वर्षांत कोणी उच्चारले नव्हते.

पोहे झाले. मुलामुलीला बोलायला अंगणात खुर्च्या टाकून दिल्या, खिडकीतून दिसतील अशा.

क्रांतीने त्याचा चेहरा पाहिला. मग पाय.

"एक मोजा काढता का?"

"आं?"

"एकच."

मोजा निघाला. घोट्याच्या वर रबराचा खोल चर पडला होता. तिने वाकून नडगीवर अंगठा दाबला, मनात दहा मोजले, उचलला. तिथे खळगा राहिला, वाटाणा बसेल एवढा. दोघं त्याच्याकडे पाहत बसले. तो भरायचं नाव घेईना.

खिडकीत चंद्राबाई: "आवं, बघा बघा! पोरगी पाया पडली!"

मानसिंग पेढे काढायला उठले.

अंगणात:

"सकाळी डोळे सुजतात? लघवीला फेस येतो?"

नऊ मुलींनी पगार विचारला होता, जमीन विचारली होती, नणंदा किती ते विचारलं होतं.

"येतो. साबणावानी. डोळे बी सुजत्यात."

"पोट फुगतं? आडवं झाल्यावर धाप?"

"न्हाई."

"बीपीची गोळी? तिनंही घोटे सुजतात कुणाकुणाचे."

"न्हाई ओ. आमची तब्येत सुधारलीय."

"तब्येत नाही, पाणी आहे. एकच पाय असता तर शीर तुंबली म्हटलं असतं. हृदय थकलं की धाप लागते, लिव्हर बिघडलं की पोट वाढतं. तुमचं सकाळी डोळ्यांपासून सुरू होतंय. मला तरी किडनीची चाळणी गळतीय असं वाटतं. रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रोटीन लघवीतून जातंय आणि पाणी पाझरून मांसात बसतंय. त्यात घरी पापड-लोणचं?"

"दोन्ही वेळा."

"म्हणजे मीठ ते पाणी हलूच देत नाही."

यशराजला काटा आठवला. दर हंगामात एखादा शेतकरी तोडीआधी उसाला भरपूर पाणी पाजून आणायचा. वजन जास्त, साखर कमी. यशराज ट्रॉली लांबून बघून ओळखायचा.

"पाणी उतरलं की मी एकोणपन्नास," तो म्हणाला.

"त्याहून कमीच."

"मग तुमी न्हाई म्हणाल."

"ते नंतर. असंच राहिलं तर रक्ताच्या गुठळ्या होतात. उद्याच डॉक्टर गाठा."

आत पेढ्यांच्या बॉक्सची दोरी सुटत होती. दहाव्या घरात पहिल्यांदा पेढे निघाले होते. आज गप्प बसलं, पुढच्या आठवड्यात साखरपुडा उरकला, तर...

"आत सांगू नका," यशराज हळूच म्हणाला.

"मी नाही सांगणार. पाय तुमचा आहे."

तो उठला. एक पाय मोज्यात, एक उघडा, तसाच आत गेला. मानसिंगांनी पेढा पुढे केला होता.

"थांबा आबा. ही तब्येत न्हाई. सूज हाय. किडनीची असंल म्हणत्यात."

चंद्राबाई ओरडली, "आरं, गप की मुडद्या!"

मानसिंगांनी पेढा बॉक्समध्ये ठेवला. मग बॉक्स कपाटात ठेवला.

४६

सांगलीच्या डॉक्टरांनी क्रांतीचा अंदाज खरा ठरवला. गोळ्या सुरू झाल्या, मीठ जवळजवळ बंद, लघवी तपासायला क्रांतीच्याच लॅबमध्ये. महिनाभरात पंधरा किलो पाणी उतरलं. चंद्राबाई शेजारणीला सांगत होती, "पंधरा किलो पोरगं गेलं माजं."

आटपाडीत, त्याच दिवशी, जेवताना:

"आबा, अकरा पोरं बघितली मी. एकानं टक्कल लपवलं, एकानं दारू, एकानं आधीची बायको. ह्यानं हातातोंडाशी आलेला पेढा सोडला."

"आगं पण शेचाळीस किलो!"

"तुमाला उचलायचाय का?"

सुभेदारांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"आन् पुन्ना सुजला तर?"

"सुजू शकतो. त्ये मी दर आठवड्याला तपासणार. सहा महिने लघवीत प्रोटीन आलं न्हाई तर मी व्हय म्हणणार."

मानसिंगांनी हात धुतले आणि चंद्राबाईला फोन लावला. पोरगी तयार आहे हे ऐकून तिला एकदम घाई झाली.

"मंग भटजींस्नी इचारते. वैशाखात धरायचं का?"

"भटजींस्नी कशाला?" सुभेदार म्हणाले. "त्याची लघवी म्हणंल तवा."