नाकाची सवय

स्वप्ना मांजरसुंब्याला एसटीतून उतरली तेव्हा तिचा भाऊ रामेश्वर मोटारसायकल घेऊन उभाच होता. चार वर्षांनी बहीण दिसली म्हणून तो तोंडभर हसला, तिची बॅग टाकीवर आडवी टाकली आणि म्हणाला, "लई वाळलीस की. तिकडं भाकरी देत न्हाईत का?"

तिकडं म्हणजे ब्राझीलात. मनौस शहरापासून दिवसभराच्या वाटेवर, घनदाट जंगलात ऐंशी मीटर उंचीचा एक लोखंडी मनोरा होता. त्यावर चढून स्वप्ना झाडांच्या शेंड्यांवरची हवा नळ्यांमधून ओढायची आणि त्या हवेत काय काय मिसळलंय ते मोजायची. ऊन चढलं की झाडं एक वायू सोडतात. जंगलाची स्वच्छ हवा तो मुरवून टाकते. पण शहराचा धूर तिथवर पोचला की त्याच वायूचं विषात रूपांतर होतं. हे सगळं मेंढरं राखणाऱ्या हरिबाच्या पोरीला घरी समजावून सांगायला कधी जमलं नव्हतं. तिची आई बायडाबाई शेजारणींना सांगायची, "पोरगी झाडाचा वास मोजती." तेही काही अगदी खोटं नव्हतं.

त्यांच्या गावाच्या, खडकदऱ्याच्या अलीकडच्या वळणावर तिला एक वास आला आणि पोटातून उमासाच आला. नासलेली अंडी, आंबलेली मळी आणि उन्हात पडलेलं मेलेलं जनावर, असं सगळं एकत्र कालवून कुणी नाकात कोंबावं तसा. तिनं ओढणी तोंडावर घट्ट दाबली.

"काय झालं?" रामेश्वरनं मागं न बघता विचारलं.

"वास केवढा मारतोय!"

"कसला वास?"

तो थट्टा करतोय असं तिला आधी वाटलं. पण तो खरंच विचारत होता.

गावाच्या वरच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी विजयसिंह नावाच्या बड्या असामीनं मळीपासून स्पिरिट काढायचा कारखाना टाकला होता. त्यातून उरणारं काळं, चिकट पाणी गायरानाच्या कडेला खोदलेल्या तळ्यात सोडत होते. तळं उघडंच. त्यावर तपकिरी साय धरलेली, सायीवर बुडबुडे, आणि काठाला माशांची काळी रांग. हरिबाचं घर त्या तळ्याच्या खालच्या उतारावर होतं. रामेश्वर त्याच कारखान्याच्या गेटवर वर्दी घालून उभा राहायचा.

घरी पोचल्यावर बायडाबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, आणि त्या हातालाही तोच वास होता. भाकरीला वास. पाण्याला वास. रात्री गोधडी अंगावर घेतली तर गोधडीलाही. हरिबा मात्र ताटावर बसून ठेचा भाकरी चवीनं खात होता. बोटं चाटत होता. स्वप्नाला बापाकडं बघवेना.

"बापू, तुम्ही तक्रार कावून केली नाही?" तिनं विचारलं.

हरिबानं भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. बायडाबाईच बोलली. "तक्रार? ह्यांनीच तर पयली सही केली. गावाला कसलाबी वास येत न्हाई म्हणून कागद केला मालकानं. वर ह्यांचं नाव हाय."

"मग काय खोटं हाय त्यात?" हरिबा तांब्या खाली ठेवत म्हणाला. "मालकानं रामेश्वरला चिकटवलं. अन् खरं सांगू का तुला, न्हाईच येत मला वास. पयल्यांदा आलता. आता न्हाई."

स्वप्ना ताटावरून उठली. परसात जाऊन ओकली.

दुसऱ्या दिवशी विजयसिंहाचं बोलावणं आलं. त्याच्या ऑफिसात एसी होता, आणि भिंतीवरचं एक यंत्र दर काही मिनिटांनी फुस्स करून मोगऱ्याचा वास उडवत होतं. खालून मळी आणि वरून मोगरा. दोन्ही मिसळून असा काही दर्प झाला होता की बाहेरचा उघडा वास परवडला. भिंतीवर स्वप्नाचीच मुलाखत फ्रेम करून लावलेली. दोन वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्रानं घेतलेली, वर मथळा, 'झाडंही वायू सोडतात'.

"ताई, तुम्ही आमचं नाव काढलंत," विजयसिंह म्हणाला. पन्नाशीचा, गोरा, बोलायला गोड माणूस. "रविवारी शाळेत तुमचा सत्कार ठेवलाय. पाच मिनिटं बोला. मुलाखतीत म्हटलंय तेच बोला. जंगलसुद्धा वायू सोडतं. वास म्हणजे काही प्रदूषण नव्हे. मग लोक एकट्या आमच्याच नावानं बोंब का मारतात?"

"मी तसं म्हटलेलं नाही. तो वायू वेगळा. आणि तुमच्या तळ्यातनं येतो तो..."

"वेगळा, सारखा, हे इथं कुणाला कळतंय?" त्यानं पेढ्याचं ताट पुढं सरकवलं. "रामेश्वर चांगलं काम करतो बरं का. त्याला सुपरवायझर करायचं मनात आहे."

तिनं पेढा घेतला. तोंडात टाकला. गिळवेना, तरी गिळला, आणि "बघते" असं म्हणून बाहेर पडली. फाटकाशी रामेश्वरनं तिला सलाम ठोकला आणि हसला. तेव्हा तिला त्या तळ्यापेक्षाही आपलीच किळस आली. चार वर्षं मनोऱ्यावर चढून हवेतला कणन् कण मोजणारी बाई एका पेढ्यापुढं "बघते" म्हणाली होती.

त्या संध्याकाळी तिनं पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला. सडलेल्या अंड्यांसारखा वास देणारा वायू मोजायचं, मुठीत मावणारं एक यंत्र तिच्या प्रयोगशाळेत होतं. मैत्रिणीनं ते ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवलं, पण ते हातात पडायला पाचवा दिवस उजाडला.

पाचव्या दिवशी सकाळी स्वप्ना चुलीपुढं बसून गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होती. दोन भाकरी झाल्या होत्या. "माय, अजून अर्धी वाढ," ती म्हणाली. आणि खाता खाता एका हातानं खोकं फोडून तिनं यंत्र चालू केलं.

यंत्र ओरडायला लागलं.

आकडा होता तेरा, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तेरा भाग तो वायू. दहाच्या वर गेलं की ते धोक्याची शिट्टी वाजवतं. स्वप्नाला वाटलं बिघडलं असेल. बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तेरा. मग तिनं दीर्घ श्वास घेतला. नाकाला काही म्हणजे काही लागलं नाही. चुलीचा धूर तेवढा आला. भाकरीचा खरपूस वास आला. बाकी हवा तिला स्वच्छ वाटत होती.

तिला ठाऊक होतं हे. पुस्तकात वाचलेलं होतं की हा वायू सारखा नाकाशी राहिला की नाक तो सांगायचंच सोडून देतं. पण पाच दिवसांत? तिचं नाक? हातातला घास तिनं ताटात टाकला. बापाच्या बोटं चाटण्याची आपल्याला शिसारी आली होती आणि आता आपण अर्धी भाकरी जास्तीची मागतोय. पोटातलं सगळं अन्न एकदम परकं वाटायला लागलं.

"काय गं ते किंचाळतंय?" बायडाबाई म्हणाली. ती दाराशी बसून पायातली जोडवी राखेनं घासत होती.

"माय, रोज घासतेस जोडवी?"

"मग? दोन दिसात काळी पडत्यात. सगळ्यांचीच पडत्यात. सोनार म्हणतो चांदी खोटी. तीस वर्षांपूर्वीची माझ्या आईनं दिलेली जोडवी, आत्ता खोटी कशी निघाली?"

स्वप्नानं जोडवी हातात घेतली. घासलेल्या जागी चांदी लख्ख होती, वळणात शाईसारखी काळी. चांदी खोटी नव्हती. तो वायूच चांदीला खात होता.

त्या दिवसापासून रविवारपर्यंत ती यंत्र घेऊन गावभर फिरली. शाळेच्या व्हरांड्यात, दवाखान्याच्या पायरीवर, हापशाजवळ, सकाळी, दुपारी, सगळे आकडे तारखेसकट लिहिले. तळ्याच्या काठाला एकतीस आला तेव्हा तिचं डोकं गरगरलं आणि ती खाली बसली. गायरानातल्या मेंढ्यांच्या लोकरीला तो काळा चिकटा लागून गोळे झाले होते. एका मेंढीचे डोळे चिपडांनी मिटलेले होते, त्यावर माशा बसल्या होत्या आणि मेंढी त्यांना हलवतही नव्हती.

शाळेत खिचडी शिजवणारी चतुराबाई तिला म्हणाली, "पोरं दुपारी डोकं धरून बसत्यात. गुरुजी म्हणत्यात नाटकं करत्यात." चतुराबाईच्या पायातले वाळेही काळेठिक्कर होते.

रविवारी अकरा वाजता शाळेच्या पटांगणात मांडव पडला. स्टेजवरच्या बॅनरवर तिचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'वास म्हणजे प्रदूषण नव्हे'. तिला न विचारताच छापलेलं. विजयसिंहानं शाल पांघरली, नारळ दिला. गर्दीत पुढं हरिबा नवा फेटा बांधून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून तिनं नजर बायांच्या रांगेकडं वळवली.

तिनं माइक हातात घेतला. "मी ज्या जंगलात काम करते तिथली झाडं वायू सोडतात, हे खरं आहे. पण चार वर्षं त्या हवेत राहून माझ्या कानातली चांदी काळी पडली नाही. इथं सात दिवसांत पडली." तिनं कानातल्या रिंगा काढून तळहातावर धरल्या. "बायांनो, तुमची जोडवी बघा. सोनार खोटं बोलतो. तुमची चांदी खरी हाय. तळ्यातनं जो वायू येतो तो चांदी काळी करतो. तोच तुमच्या लेकरांच्या छातीत जातो. आणि वास येत न्हाई म्हणता, तर तो नाकालाच मारतो म्हणून येत न्हाई. मलाबी आता येत न्हाई."

मांडवात कुजबुज झाली. चतुराबाई उठली आणि तिनं लुगडं घोट्यावर घेऊन पाय पुढं केला. मग तिच्या शेजारची. मग बायांची अख्खी रांगच खाली वाकून आपापल्या पायाची बोटं बघायला लागली.

विजयसिंह हसत उठला. "ताई परदेशात राहून आल्यात, त्यांना गावची हवा मानवत नाही," असं म्हणून त्यानं माइक घेतला. टाळ्याही पडल्या, पुरुषांच्या बाजूनं.

घरी आल्यावर हरिबानं फेटा खाटेवर फेकला. "सगळ्या गावाम्होरं मला खोटं पाडलंस. तिकडं जंगलातच राहायचं हुतंस." दुसऱ्या दिवशी सकाळी रामेश्वर गेटवर गेला आणि अर्ध्या तासात परत आला. वर्दी काढून घेतली होती. तो बहिणीशी बोलला नाही. बायडाबाईनं मात्र शेजारपाजारच्या बायांना गोळा केलं, आणि स्वप्नाच्या आकड्यांच्या कागदाखाली सह्या नि अंगठे मिळून एकसष्ट झाले. तो कागद घेऊन स्वप्ना बीडला गेली, तिथून संभाजीनगरला.

तीन आठवड्यांनी प्रदूषण मंडळाचे साहेब आले, मोजलं, आणि तळ्यात पाणी सोडायचं बंद करा म्हणून नोटीस लावून गेले. तळ्याची साय वाळून तडकली. बायडाबाई म्हणाली, चार दिवस झाले, जोडवी घासली न्हाई. हरिबा लेकीशी बोलत नव्हता, पण आजारी मेंढीच्या डोळ्यांत घालायला औषध आण म्हणून त्यानं बायकोकडून निरोप दिला.

स्वप्ना परत निघाली ती सकाळी नऊच्या एसटीनं. मांजरसुंब्याच्या पुढं गाडी हायवेला लागली आणि खिडकीतून तो दर्प आत आला. मधे महिनाभर तिचं बीड, संभाजीनगर चाललं होतं, तेवढ्यात नाक पुन्हा ताळ्यावर आलं होतं. पुढं एक टँकर चालला होता. मागच्या तोटीतून काळी धार रस्त्यावर गळत होती. त्यानं डावीकडं कच्च्या रस्त्याला वळण घेतलं. त्या बाजूला ओढा होता आणि ओढ्यापलीकडं दुसरं गाव.

तळं बंद केलं होतं, घाण नव्हे. घाण फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ओतली जात होती.

"गाडी थांबवा," ती कंडक्टरला म्हणाली.

रस्त्याच्या कडेला बॅगेवर बसून तिनं रामेश्वरला फोन लावला. तो उचलेल असं तिला वाटत नव्हतं. त्यानं उचलला. तिनं टँकरचं सांगितलं.

"टँकरचा नंबर घेतलास का?" त्यानं विचारलं.

"घेतला."

"मग तिथंच थांब. तो बिभीषण हाय, डायव्हर. कुटं कुटं खाली करतो ते मला समदं म्हायती हाय. तळं भरलं की आदीबी त्योच न्यायचा, गेटवरच्या वहीत मीच लिवत हुतो."

वीस मिनिटांनी तो आला. बॅग टाकीवर आडवी घेतली, ओठ आवळून ओढ्याच्या दिशेला बघितलं आणि रस्त्यावर थुंकला.

"शी," तो म्हणाला. "केवढा घाण वास मारतोय. बस मागं."