ग-चौदाचं मत

बावीस वर्षं थिएटरच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या माणसाला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही, असं मॅनेजर उघड म्हणायचे. डोअरकीपरचं म्हणणं असं, की सिनेमा कळत नसेल, पण तो बघून बाहेर पडणारी माणसं आपल्याला कळतात. यात थोडी फुशारकी होती, पण अगदीच खोटं नव्हतं. एका माणसाचं मात्र त्याला वर्षभर काही कळेनासं झालं होतं, आणि ते माणूस त्याच्याच घरात राहत होतं.

त्याची बायको कॉलेजात शिकवायची. लग्न झालं तेव्हा ती बारावी पास आणि हा नववी नापास. पुढे ती शिकत गेली आणि हा खुशीने भांडी घासत गेला. जास्त शिकवू नकोस, डोक्यावर बसेल, असं थोरल्या बहिणीने बजावलं होतं. डोक्यावर काही ती बसली नाही, पण भांडायला लागली. रविवारी फुकटच्या पासावर सिनेमा बघून दोघं पायी घरी यायची आणि दार उघडेपर्यंत त्यांची जुंपलेली असायची. हा काहीतरी ठोकून द्यायचा, ती ते खोडून काढायची, मग हा हट्टाला पेटायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, यांचा संसार काही खरा नाही. ह्याला मात्र त्या भांडणांचा कोण अभिमान. एवढी शिकलेली बाई आपलं म्हणणं खोडायला घसा कोरडा करते, म्हणजे आपल्या म्हणण्यात काहीतरी असणारच, असा त्याचा साधा हिशेब होता.

वर्षभरापासून ती भांडेना. हा काहीही बोलला की ती म्हणायची, "असेल." एकदा जेवताना त्याने मुद्दाम सांगितलं, की चंद्र सूर्यापेक्षा मोठा आहे. तिने हातातला घास खाल्ला आणि "असेल" म्हणाली. त्या दिवशी त्याला पुढे जेवण गेलं नाही.

अशात एक सिनेमा आला. हलकाफुलका, पोट धरून हसवणारा. एक विदुषी असते, प्रेम म्हणजे बुद्धीने घेतलेली सुट्टी, असं व्याख्यानांतून सांगत फिरणारी. दर आठवड्याला तिच्या घराची किल्ली हरवते आणि एक कुलूपवाला येऊन दार उघडून देतो. शेवटी कुलूपवाल्याला कळतं, की सगळ्या किल्ल्या बाईच्या पर्समध्येच आहेत. मग लग्न. सिनेमा अजून सगळीकडे लागायचा होता, पण हा शेवट लोकांच्या गळी उतरेल की नाही, याची सिनेमा काढणाऱ्या कंपनीला धास्ती होती. म्हणून दुपारचा एक खास खेळ ठेवला आणि बाहेरच्या दाराशी काचेच्या दोन बरण्या मांडल्या. 'या दोघांचं पुढे जमेल का?' असा फलक, एका बरणीवर 'जमेल', दुसरीवर 'जमणार नाही'. प्रेक्षकाने जाताना आपल्या तिकिटाचं खुर्चीचा नंबर असलेलं अर्धुक हव्या त्या बरणीत टाकायचं.

डोअरकीपरने मॅनेजरांच्या मागे लागून बायकोसाठी पास मिळवला. ग-चौदा, पडद्यासमोर बरोबर मधली खुर्ची. ती कुलूपवाल्याबद्दल काय म्हणते त्यावरून आपण तिच्या लेखी कुठे आहोत ते कळेल, असं त्याच्या मनात होतं. थेट विचारायची हिंमत नव्हती.

खेळ सुरू झाला. दाराच्या पडद्याआड उभं राहून तो कान देऊन ऐकत होता. कुलूपवाला स्वतःच आत कोंडला जातो, तिथे सगळं थिएटर हसलं आणि त्यात त्याला तिचं हसू ओळखू आलं. वर्षभरात ते त्याने ऐकलं नव्हतं. त्याला इतकं बरं वाटलं, की उशिरा आलेल्या एका गृहस्थांना त्याने भलत्याच ओळीत नेऊन बसवलं.

सुटल्यावर झुंबड उडाली. प्रत्येकाला मत होतं. कुणाला नायकाचे केस खोटे वाटले, कुणाला हुशार बाई इतकी वेंधळी दाखवल्याचा राग आला, एका आजोबांनी तर पंख्याबद्दलच तक्रार केली. एक बाई मैत्रिणीला म्हणाल्या, "कुलूपवाला फार गोड आहे गं. पण जावई म्हणून नको." दोघी खळखळून हसल्या. त्या गर्दीतून त्याची बायको पुढे आली, पेपर तपासायचेत, निघते मी, म्हणाली आणि गेली. तिने कुठल्या बरणीत टाकलं ते त्याला दिसलं नाही.

पुढच्या ओळींचं मत वेगळं आणि मागच्यांचं वेगळं पडतं का, हे कंपनीला हवं होतं. म्हणून अर्धुकं ओळीप्रमाणे लावायचं काम त्याच्याकडे आलं. 'जमेल'ची बरणी काठोकाठ भरली होती. त्यातली ग ओळ त्याने लावली. बारा, तेरा, पंधरा, सोळा. त्याने ती पुन्हा लावली. मग दुसरी बरणी उपडी केली. चाळीसेक अर्धुकं होती, आणि ग-चौदा वरच पडलं होतं.

गर्दीत हात चुकला असेल, बरण्या जवळजवळ होत्या, असं त्याने स्वतःला समजावून पाहिलं. पण रजिस्टरमध्ये आकडे लिहून तो बाहेर पडला आणि चालता चालता त्याला वेगळंच सुचलं. निदान तिने मत तरी दिलं. आता ती म्हणेल, नाही जमणार, आणि आपण म्हणू, का नाही जमणार? किल्ल्या कुणी लपवल्या होत्या? कोपऱ्यापर्यंत त्याने तीन मुद्दे तयार केले आणि उरलेला रस्ता तो जवळजवळ पळतच गेला.

ती टेबलाशी पेपर तपासत होती. त्याने चपला काढल्या, पाणी प्यायलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग, कुठल्या बरणीत टाकलंस?"

"जमेलच्या," ती म्हणाली. वर बघून हसलीसुद्धा, आजारी माणसाकडे बघून हसतात तसं. "दुसरीत कशाला टाकीन?"

अर्धुकं ओळीने लावतात, हे तिला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत ती त्याला वेडा म्हणाली होती, अडाणी म्हणाली होती, पण खोटं कधी बोलली नव्हती. तयार केलेले तिन्ही मुद्दे 'जमेल'च्याच बाजूचे होते, ते वाया गेले. मग त्याने शेवटचा एक प्रयत्न केला.

"मला नाही वाटत," तो म्हणाला. "त्यांचं नाहीच जमणार."

तिने पेन खाली ठेवावं, खुर्ची मागे सारावी आणि म्हणावं, का नाही जमणार हो? एवढंच त्याला हवं होतं. तो उभा राहिला. तिने पान उलटलं.

"असेल," ती म्हणाली. "तुमचं बरोबर असेल."

तो आत गेला आणि सकाळची भांडी घासायला लागला.