पायडलवरचं स्वस्तिक

“काकू, हिच्याशी झटापट करायची नाही. तुम्ही जेवढा जोर लावाल तेवढाच ही परत देणार. हळू चालवलीत, तर हीसुद्धा हळूच वागेल.”

मित्रांनो, दुकानदार रविराजचं हे बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. तो बोलत होता माझ्याबद्दल. मी एक एअर बाइक आहे. फार जुनी नाही, पण माझ्या सीटच्या कडा आता गुळगुळीत झाल्या आहेत आणि उजव्या दांड्यावरचं रबर हाताच्या घामाने काळवंडलं आहे. म्हणजे सांगण्यासारखं थोडंफार आयुष्य मी नक्कीच जगले आहे.

तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलं नसेल. मी सायकलसारखी दिसते, पण जागची हलत नाही. पुढच्या चाकाच्या जागी मला जाळीत बसवलेला मोठा पंखा आहे. पायडल मारलं की पंखा फिरतो, आणि त्याने ढवळलेली हवाच तुमच्या पायांना अडवते. हातांसाठी दोन दांडे आहेत, तेही पायांबरोबर पुढेमागे होतात. पायडल जड-हलकं करायला माझ्याकडे खटका नाही. दांडगटाला मी दांडगट, आणि दमलेल्याला अगदी गरीब.

माझा सांगाडा एका कारखान्यात घडला, पंखा दुसऱ्यात. मला जोडून उभं केलं ते नाशिकच्या रविराजने, त्याच्या व्यायामाच्या सामानाच्या दुकानात. तिथे मी दोघींच्या मध्ये उभी असे. डावीकडची माझ्याहून स्वस्त, लालभडक आणि दिसायला चुणचुणीत. उजवीकडची माझ्याहून पुष्कळ महाग, तिला टीव्हीएवढा पडदा. लोक येत, लाल रंगाचं कौतुक करत, पडद्यापुढे फोटो काढत. मधलीकडे कोण बघतं? खरं सांगते, मला तेव्हा वाईट वाटायचं.

नवरात्रातल्या एका दुपारी दिवाकरराव आणि उत्तराबाई दुकानात आले. दिवाकरराव सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. उत्तराबाई मात्र इतक्या हळू बोलत की रविराजला प्रत्येक वेळी पुढे वाकावं लागे. त्यांचे गुडघे दुखत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मांडीचे स्नायू बळकट झाले तर गुडघ्यांवरचा भार कमी होईल, आणि बसून पाय चालवण्याचा व्यायाम रोज करायचा.

दिवाकररावांनी आधी लाल बाइकचे दांडे खेचून पाहिले. तिचा मागचा पाय जमिनीवरून उचलला गेला. “ही आपल्याला घेऊन पडेल,” असं म्हणून ते सरळ पडद्यावालीकडे गेले. ती जागची हलेना, तिच्यावर ते खूश झाले. पण उत्तराबाईंना तिच्यावर चढता येईना. साडीतून पाय पलीकडे टाकायला तिचा मधला दांडा फार उंच होता.

मग त्या माझ्याजवळ आल्या. माझा सांगाडा मध्ये खाली वाकलेला आहे, त्यावरून त्यांचा पाय अलगद पलीकडे गेला. दिवाकररावांनी दांडे खेचले, मी थोडी कुरकुरले, पण पाय रोवून उभी राहिले. ते सुटे भाग कुठे मिळतात, आवाज किती होतो, सगळं विचारत राहिले. उत्तराबाईंनी एकच प्रश्न विचारला.

“पदर अडकेल का हो यात?”

रविराजने खाली बसून माझं चेनकव्हर दाखवलं. ते पूर्ण बंद होतं. पंख्याच्या जाळीत तर करंगळीही जात नव्हती. लाल बाइकचं कव्हर अर्धंच होतं. उत्तराबाईंनी पदर माझ्या जाळीवर सोडून पाहिला, पायडल हाताने फिरवलं आणि मान डोलावली. अशी माझी निवड झाली. पडदा नव्हता, रंग नव्हता, पण पदर अडकत नव्हता.

गुडघे सगळ्यांचेच दुखतात, मग एवढी घाई कशाची होती, तेही सांगते. काही काळापूर्वी त्यांची मुलगी मृण्मयी फार आजारी होती. तेव्हा उत्तराबाईंनी वणीच्या सप्तशृंगी गडावरच्या देवीला शब्द दिला होता, की मुलगी बरी होऊन घरी आली की मी पायऱ्या चढून ओटी भरायला येईन. मृण्मयी बरी झाली, पुण्याला नोकरीवर रुजूही झाली. आणि इकडे आईचे गुडघे धरले. गडावर वर जायला रुळांवरून चढणारी ट्रॉली आहे. सगळे म्हणत, ट्रॉलीने जा, देवी काय रागावणार आहे का?

उत्तराबाई म्हणत, “देवीला चालेल. मला चालणार नाही.”

डॉक्टरांनी फाल्गुनात पुन्हा बोलावलं होतं. तोवर पायांत बळ आलं तर ते पायऱ्यांची परवानगी देणार होते. नाही आलं, तर हा नाद सोडायचा. मी त्या घरात आले ती एवढं मोठं काम घेऊन, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मृण्मयीच्या रिकाम्या खोलीत मला ठेवलं. एक सतरंजी, भिंतीवरचं घड्याळ आणि मी. दिवाकररावांनी दारात उभं राहून जाहीर केलं की आजपासून ही आपली जिम.

दसऱ्याला माझी पूजा झाली. जाळीला झेंडूची माळ, सीटवर अक्षता, आणि दोन्ही पायडलांवर उत्तराबाईंनी ओल्या कुंकवाने सुरेख स्वस्तिक काढलं. मी फुलून गेले. आणि तिथेच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, सीटवर बसल्या, पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. स्वस्तिकावर पाय कसा द्यायचा? तिसऱ्या दिवशीही तेच. दिवाकरराव म्हणाले, पुसून टाक. उत्तराबाईंनी नकारार्थी मान हलवली. “लक्ष्मी म्हणून पूजा केली आणि आता तिला लाथा मारू?”

दिवाळी आली, गेली. माळ सुकली. दिवाकरराव माझ्या दांड्यांवर ओला टॉवेल वाळत घालू लागले. उत्तराबाई तो गुपचूप काढून घेत, पायडलं सोडून मला पुसत, नमस्कार करत आणि जात. मित्रांनो, उपेक्षा झालेल्या वस्तू पुष्कळ असतील, पण रोज नमस्कार मिळूनही बेकार राहिलेली मीच असेन. बाहेर लोक पूजा करून वापरतात. माझी नुसतीच पूजा होत होती, आणि फाल्गुन जवळ येत होता.

एका सकाळी दिवाकरराव चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. बायको माझ्यासमोर हात जोडून उभी होती.

“उत्तरा, तू रोज उठल्यावर जमिनीवर पाय ठेवतेस की नाही?”

“अहो, हे काय विचारणं?”

“ठेवण्याआधी काय करतेस?”

रोज पहाटे पलंगावरून उतरण्याआधी त्या वाकून जमिनीला हात लावत आणि धरणीमातेची क्षमा मागत. लहानपणापासूनचा नेम होता तो.

“ती तर साक्षात आई,” दिवाकरराव म्हणाले, “तिच्यावर दिवसभर पाय देतेस. ही रविराजच्या दुकानातून आलीय. हिचीही क्षमा माग आणि चालव बाई एकदाची. नाहीतर माझा टॉवेल तरी वाळू दे.”

उत्तराबाईंना हसू आलं. ते दिवाकररावांना दिसू नये म्हणून त्या खाली वाकल्या. दोन्ही पायडलांना हात लावून तो डोळ्यांना लावला, आणि मग पाय ठेवले. वाळलेलं कुंकू त्यांच्या तळपायांना लागलं. पंखा फिरला. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. इतके दिवस धरून ठेवलेली हवा मी एकदाची सोडली, एवढंच म्हणेन.

त्या दिवसापासून मी त्यांच्या नेमात बसले. देवपूजा, तुळशीला पाणी, मग मी. माझ्याजवळ आकडे दाखवणारी एक छोटी काच आहे. त्यांनी तिच्यावर देवीचं चित्र चिकटवलं. त्या आकडे बघत नसत, स्तोत्र म्हणत. पहिल्यांदा अर्ध्या स्तोत्रातच दम लागला. मग पूर्ण होऊ लागलं, मग पुन्हा पहिल्यापासून. दिवाकररावांनी विचारलं, आकडेच झाकलेस तर किती चाललीस ते कळणार कसं? त्या म्हणाल्या, जिला कळायला हवं तिला कळतंय.

आता एक गंमत सांगते. ती फक्त मलाच ठाऊक होती.

संध्याकाळी उत्तराबाई आरतीला देवळात जात. त्या गेल्या की दिवाकरराव खोलीत येत, सीटची पिन ओढून ती स्वतःच्या उंचीला वर घेत आणि माझ्यावर बसत. चारचौघांत माझी थट्टा करणारा हा माणूस माझ्यावर घामाघूम होई! आणि दार वाजायच्या आत सीट पुन्हा खाली, चेहरा कोरडा, हातात वर्तमानपत्र.

एकदा ते चालवत असतानाच मृण्मयीचा फोन आला. धाप लागलेली ऐकून ती घाबरली.

“काही नाही गं, ठीक आहे मी,” ते म्हणाले. “आईला सांगू नकोस. शब्द तिने दिला खरा, पण तेव्हा मीही तिच्या शेजारीच हात जोडून उभा होतो.”

पुढे एका संध्याकाळी ते सीट खाली करायला विसरले. सकाळी उत्तराबाई आल्या आणि थबकल्या. सीट वर होती. त्यांनी सीटकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी फक्त पिन ओढून सीट खाली घेतली. मात्र त्या दिवसापासून त्या देवळातून थोड्या उशिरा येऊ लागल्या. आणि आल्यावर दार उघडण्याआधी जिन्यातच मोठ्याने खाकरत.

फाल्गुनात डॉक्टरांनी गुडघे तपासले. घरी येऊन दिवाकररावांनी मलाच निकाल ऐकवला. हळू, कठड्याला धरून, मध्ये बसत बसत चढायला हरकत नाही. उत्तराबाई माझ्या सीटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे किती दिवस वर चढलेले होते, ते खाली आले तेव्हा मला कळलं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. घरात आणलेली वस्तू नुसती पुजून ठेवू नका, आणि तिच्यावर ओले टॉवेलही टाकू नका. तिच्याकडून काम घ्या, आणि काम झालं की कोरड्या फडक्याने पुसा. तिच्यासाठी तीच पूजा. आणि कुणासाठी घेताय, त्या माणसाचे पाय आणि पदर बघून घ्या, शेजारच्याचा पडदा बघून नको.

गडावर चैत्रातल्या यात्रेची गर्दी सुरू होण्याआधीचा शुक्रवार त्यांनी ठरवला. त्या दिवशी पहाटे उत्तराबाई खोलीत आल्या. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. त्या माझ्यावर बसल्या नाहीत. वाकून दोन्ही पायडलांना हात लावला आणि बाहेर गेल्या.

बाहेर दिवाकरराव स्टुलावर बसून बूट घालत होते. “मी आपला ट्रॉलीने जाईन,” ते म्हणाले. “वर तुझी वाट बघत बसेन.”

“बरं,” उत्तराबाई म्हणाल्या. “पाण्याच्या बाटल्या दोन घेतल्यात.”

ते चढणीला घालायचे कॅनव्हासचे बूट होते. दिवाकररावांनी नाडी बांधली, जरा ओढून पाहिली आणि तिला आणखी एक गाठ मारली. मग पिशवी बायकोच्या हातातून स्वतःकडे घेतली आणि दार हळूच ओढून घेतलं.