पाठीमागचा वारा

विमानं कुठल्या बाजूनं उतरवायची हे कोण ठरवतं, असं कुणी विचारलं की वारेमास्तर एकच उत्तर द्यायचा, "वारा ठरवतो. आपण फक्त त्याचं ऐकायचं." टॉवरमधल्या पाळीचा तो प्रमुख. सव्वीस वर्षं त्या काचेच्या खोलीत काढलेली, आणि हे टोपणनावही तिथंच पडलेलं.

उत्तर खरं होतं, पण अर्धंच. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरलं की लवकर थांबतं, हे खरं. पण वारा काही आपली गर्दी बघून फिरत नाही. तो फिरला म्हणून धावपट्टीची दिशा फिरवायची म्हणजे भर गर्दीत एकेरी रस्ता उलटा करण्यासारखं. आकाशात रांगेला लागलेली पंधरा-वीस विमानं दुसऱ्या टोकाला न्यायची, खाली उभी असलेली वळवायची आणि अर्धा तास सगळ्यांच्या शिव्या खायच्या. म्हणून पाठीमागून थोडा वारा आला तरी चालवून घेतात. दहा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी अठरा-एकोणीस किलोमीटरपर्यंत, नियमात बसतं. पण ते किती वेळ चालवून घ्यायचं, हे वारा ठरवत नाही. ते प्रमुख ठरवतो.

त्याची आई धाकट्या बहिणीकडे असायची आणि बहिणीचं घर नेमकं पूर्वेच्या टोकाखाली. उडणारी विमानं लवकर वळून जायची, त्यांचा त्रास नव्हता. पण पूर्वेकडून उतरायला लागली की दर दोन मिनिटांनी तावदानं थरथरायची. "दादा, तुझी ही धुडं जरा पलीकडून पाठव की," असं बहीण म्हणायची आणि तो हसून वाऱ्यावर ढकलायचा. अकरा वर्षं हीच थट्टा चालली. गेल्या महिन्यात मात्र थट्टा संपली. आईचा कर्करोग हाडांत उतरला होता. औषध देऊन कशीबशी झोप लागायची, तेवढ्यात डोक्यावरून विमान जायचं, ती दचकायची आणि मग कण्हणं सुरू व्हायचं. ते कण्हणं त्यानं उशाशी बसून ऐकलं होतं. असलं ऐकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला. "दादा, दोन दिवसांनी आत्ता कुठं आईचा डोळा लागलाय. डॉक्टर म्हणतात, आज नाहीतर उद्या. आजच्या दिवस तरी सांग ना रे तुझ्या वाऱ्याला." आणि ती रडायला लागली.

"रडू नकोस. बघतो," तो म्हणाला.

त्या खुर्चीत बसणाऱ्याला "बघतो" म्हणायचा काडीचाही अधिकार नसतो. आणि हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? पण म्हणाला खरा. उद्यापासूनची रजा मंजूर होती. उद्या तो आईच्या उशाशी असणार होता, आजचा दिवस तेवढा निभवायचा होता.

सकाळपासून विमानं पश्चिमेकडून उतरत होती. म्हणजे बहिणीच्या घरावर शांतता. दोन वाजता वारा फिरला.

"सर, पाठीमागून चार येतोय," रेडिओवर बसलेली बाई म्हणाली. वयानं वीस वर्षांनी लहान, पण कामाला चोख. सगळे तिला मॅडमच म्हणत. तिला हे काम शिकवलं होतं ते वारेमास्तरनंच.

"जरा स्थिर होऊ दे."

अडीचला ती पुन्हा म्हणाली, "सात झाला, सर. फिरवू या?"

"रांग बघितलीत का केवढी आहे? वारा परत येईल."

वारा परत येणार नव्हता. पश्चिमेकडचे ढग काचेतून सरळ दिसत होते आणि ते वाचायला त्यानंच तिला शिकवलं होतं. तीनला वारा नऊवर गेला.

"सर, तिसऱ्यांदा विचारतेय."

"दहा झाला का? नाही ना? मग?"

तो कधी कुणावर असा खेकसला नव्हता. मॅडमनं मान खाली घातली. त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता, आई दीड तास झोपली, आणखी एक तास मिळाला तर बरं.

सव्वातीनला एक मालवाहू विमान रांगेत आलं, गळ्यापर्यंत भरलेलं. त्याच्या कप्तानानं रेडिओवर विचारलं, समोरच्या वाऱ्यात उतरायला दुसरं टोक मिळेल का? मॅडमनं वळून वारेमास्तरकडे पाहिलं.

"सांगा त्याला, अर्धा तास थांबावं लागेल."

तिनं सांगितलं. कप्तान म्हणाला, "ठीक आहे. असेच येतो."

चाकं टेकायला हवी होती त्याच्या बरीच पुढं टेकली. वारेमास्तर खुर्चीतून उठला. "थांब, थांब रे बाबा," असं तो काचेला नाक लावून पुटपुटत होता, पण ते धूड थांबेना. धावपट्टी संपली, कुंपण मोडलं, नाक पलीकडच्या नाल्यात गेलं. आधी धूळ उठली, मग काळा धूर. त्याच्या हातांनी ठरलेली कामं केली. बंबांचं बटण दाबलं, धावपट्टी बंद केली, आकाशातल्या सगळ्यांना दुसरीकडे पाठवलं. कप्तान वाचला. शेजारी बसलेला सहवैमानिक, सत्तावीस वर्षांचा पोरगा, बाहेर काढेपर्यंत संपला होता.

आई साडेचारला गेली. झोपेतच.

पाचव्या दिवशी चौकशीत जबाब झाले. यंत्रातली नोंद नऊची होती, म्हणजे नियमात. मॅडमनं सांगितलं, "रांग मोठी होती. सरांनी अनुभवानं ठरवलं. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं." तिनं मनापासून सांगितलं होतं. वारेमास्तर मूग गिळून बसला. कागदावर तो स्वच्छ सुटत होता.

त्याच संध्याकाळी टॉवरमधली माणसं बहिणीच्या घरी भेटायला आली. मॅडमही होती. बहिणीनं सगळ्यांना चहा दिला आणि आईचं सांगत बसली. रडता रडता मध्येच तिचा चेहरा उजळला.

"एक समाधान आहे. शेवटचे तीन तास आई शांत झोपली. एक विमान म्हणून डोक्यावरून गेलं नाही. मी फोन केला होता ना दादाला! वारा फिरलेला मला गच्चीवरच्या कपड्यांवरून कळत होता, तरी त्यानं विमानं इकडं येऊ दिली नाहीत. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं हो."

मॅडमनं कप खाली ठेवला आणि ती उठून बाहेर पडली.

वारेमास्तर तिच्यामागोमाग जिन्यापर्यंत गेला. ती मागे न वळताच म्हणाली, "त्या मुलाची आई चौकशीच्या खोलीबाहेर बसली होती, सर. मला विचारत होती, त्याच बाजूनं उतरवायची काय गरज होती? मी तिला सांगितलं, रांग मोठी होती."

"उद्या जबाब बदला तुम्ही," तो म्हणाला.

"मी का? तुमचा तुम्ही बदला." आणि ती खाली उतरून गेली.

तो परत आला तेव्हा खोली रिकामी होत होती. जो तो चपला शोधत होता, त्याच्या नजरेला नजर न देता. बहीण गोंधळून दारात उभी होती.

"अरे, सगळे असे एकदम का उठले? दादा, माझं काही चुकलं का? काही भलतं बोलले का मी?"

"नाही गं," तो म्हणाला. "खरं तेच बोललीस."